आकडा दुसऱ्याच टाकीचा: जुना वायरलेस डाइव्ह कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी

साताऱ्यात डायव्हिंगचं जुनं सामान विकणाऱ्या एका माणसाने वायरलेस डाइव्ह कॉम्प्युटरच्या, म्हणजे टाकीतल्या हवेचा दाब मनगटावर दाखवणाऱ्या घड्याळाच्या, व्यवहारात मला 42 हजारांना फसवलं. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण हे सामान अंगावर चढवून माणूस पाण्याखाली जातो आणि टाकीत हवा किती उरली हे त्याला फक्त त्या आकड्यावरून कळतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. सांगली, मिरज, कराड, सातारा इकडची बरीच मुलं आता मालवण-तारकर्लीला एकदा पाण्यात उतरून फोटो काढण्यावर थांबत नाहीत, रीतसर कोर्स करतात. नवं सामान परवडत नाही म्हणून जुनं शोधतात. त्यांची गाठ याच माणसाशी पडू शकते.

ज्यांना सामान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टाकीतली जास्त दाबाची हवा श्वासाजोगी करून देतो तो रेग्युलेटर. त्याचा पहिला भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, टाकीच्या तोंडावर बसते. जुन्या पद्धतीत तिच्या हाय प्रेशर पोर्टमधून एक नळी निघते आणि नळीच्या टोकाला काट्याचं गेज असतं. गेजच्या आत वाकवलेली पोकळ धातूची नळी असते, तिला बोर्डन ट्यूब म्हणतात. दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि त्या हालचालीने काटा फिरतो. बॅटरी नाही, सेटिंग नाही. वायरलेसमध्ये त्याच पोर्टला अंगठ्याएवढा ट्रान्समीटर बसतो आणि तो मनगटावरच्या कॉम्प्युटरला दाबाचा आकडा पाठवतो. ब्लूटूथसारख्या लहरी पाणी गिळून टाकतं, म्हणून बहुतेक कंपन्या इथे खूप कमी फ्रिक्वेन्सीचा रेडिओ वापरतात. पल्ला एखाद-दोन मीटरचा. आकडा दर काही सेकंदांनी बदलतो, आणि तुम्ही ज्या वेगाने श्वास घेताय त्यावरून हवा अजून किती मिनिटं पुरेल हेही कॉम्प्युटर सांगतो. उपयोगाची वस्तू आहे यात शंका नाही. मी कुपवाड एमआयडीसीत प्रेशर गेज कॅलिब्रेशनचं काम करतो, त्यामुळे तिचं मला मनापासून आकर्षण होतं.

माणूस बोलायला गोड. अंदमानला इन्स्ट्रक्टर होतो म्हणाला. पोवई नाक्याच्या पुढे एक गाळा, आत दोन टाक्या भिंतीला टेकवून उभ्या, दोन्हींवर रेग्युलेटर चढवलेले. "दादा, बॉक्स पीस आहे. एका पार्टीने घेतला आणि पाण्यात उतरलीच नाही," असं म्हणत त्याने कॉम्प्युटर माझ्या मनगटावर बांधला आणि जवळच्या टाकीवरचा ट्रान्समीटर दाखवला. व्हॉल्व्ह उघडला. स्क्रीनवर 196 बार (बार हे दाबाचं एकक). मग त्याने आणि त्याच्याकडच्या पोराने दोन्ही रेग्युलेटरचं पर्ज बटण एकदमच दाबून हवा सोडली. आकडा 191 वर आला. डोळ्यांसमोर दाब दिसतोय आणि उतरतोय, यापेक्षा वेगळा पुरावा कोण मागणार?

पण तो आकडा माझ्या टाकीचा नव्हताच. कॉम्प्युटर जोडलेला होता शेजारच्या टाकीवरच्या ट्रान्समीटरशी. तो ट्रान्समीटर भिंतीकडच्या बाजूला वळवून ठेवलेला होता आणि त्यावर जॅकेट लटकवलेलं होतं. दोन्ही टाक्यांतून हवा एकाच वेळी का सोडली, ते इथे कळतं.

वर त्याने माझ्या रेग्युलेटरचं पितळी गेज नळीसकट मागितलं. "आता याचं काय करणार? जमाना गेला याचा. दोन हजार वजा करतो." निम्मे पैसे रोख घेतले, निम्मे यूपीआयने. यूपीआयवर नाव आलं ते भलत्याच माणसाचं. "भावाचं खातं आहे," म्हणाला.

सांगलीत येऊन ट्रान्समीटर माझ्या फर्स्ट स्टेजला लावला, भरलेल्या टाकीवर चढवला. आकड्याच्या जागी नुसत्या आडव्या रेघा. फोन केला तर म्हणे, "पाण्यात गेल्यावर जागा होतो." हे साफ खोटं आहे. ट्रान्समीटर पाण्याने जागा होत नाही, टाकीचा दाब लागला की जागा होतो. दुसऱ्या फोनला बॅटरीचं निमित्त झालं, तिसरा फोन उचललाच नाही. मी बॅटरीचं झाकण उघडलं. आत हिरवट बुरशीसारखा थर, एक स्प्रिंग खाऊन गेलेली, आणि झाकणातून पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी, ओ-रिंग, गायब. खारं पाणी कधीच आत शिरलेलं होतं. बाहेरचा सिरियल नंबरचा स्टिकर नखाने उचलला तर खाली कोरलेला नंबर वेगळाच निघाला. बॉक्सवरचा तिसराच.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे. मिरजेच्या एका मुलाने त्याच माणसाकडून काट्याचं गेज घेतलं होतं, "जपानी, नवं" म्हणून. माझी हकीकत ऐकून तो ते तपासायला घेऊन आला. ते माझं गेज नव्हतं, पण असंच कुणाचं तरी उतरवून घेतलेलं असणार. गेज तपासायला आम्ही रोज वापरतो ती तेलावर चालणारी यंत्रं, डेड वेट टेस्टर, श्वासाच्या सामानाला लावायची नसतात. गेजमध्ये तेल राहिलं की ते पुढे जास्त दाबाच्या हवेच्या वाटेवर जातं, आणि ऑक्सिजनशी गाठ पडली तर पेट घेऊ शकतं. म्हणून लेथवर एक अडॅप्टर काढून घेतला आणि नायट्रोजनच्या सिलिंडरवर आमच्या मास्टर गेजशेजारी, म्हणजे ज्याच्याशी ताडून बाकीची गेज तपासतो त्या अचूक गेजशेजारी, ते लावलं. मास्टरवर 140 असताना याचा काटा 150 वर. तिथून खाली उतरत गेलो तसा फरक वाढत गेला. मास्टरवर 50, याच्यावर 73. सगळा दाब काढून टाकला तरी काटा 30 च्या रेघेवर उभा. मी काचेवर टिचकी मारली, तो मुलगा वाकून बघत होता, काटा हलला नाही. आतली ट्यूब कधीतरी ताणली गेली होती आणि काच उघडून काटा भरलेल्या टाकीच्या आकड्याला जुळवून बसवलेला होता. विकताना गेज फक्त भरलेल्या टाकीवर दाखवायचं, म्हणजे आकडा बरोबर येतो.

याचा हिशेब मांडतो. आपल्याकडे सर्रास मिळणारी ॲल्युमिनियमची टाकी 11.1 लिटरची. 23 बारचा खोटेपणा म्हणजे साधारण 255 लिटर हवा, जी काट्यावर आहे आणि टाकीत नाही. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटरच्या आसपास हवा वापरतो. 18 मीटरवर दाब 2.8 पट, म्हणजे 56 लिटर. साडेचार मिनिटांची हवा नुसती कागदावर. वर यायचं, 5 मीटरवर 3 मिनिटांचा थांबा घ्यायचा, ते सगळं याच शेवटच्या 50 बारवर अवलंबून असतं. मिरजेच्या त्या मुलाने हे गेज लावून पुढच्याच आठवड्यात कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर डायव्हिंगला जायचं ठरवलं होतं. मला अजून त्या विकणाऱ्याचा संताप येतो.

आता जुना वायरलेस सेट बघायला जाल तेव्हा खोलीत एकच टाकी ठेवायला सांगा, बाकी सगळ्या बाहेर. ट्रान्समीटर स्वतःच्या हाताने आपल्याच फर्स्ट स्टेजला बसवा. कॉम्प्युटरच्या मेनूत जोडलेल्या ट्रान्समीटरचा कोड दिसत असेल तर तो अंगावर कोरलेल्या नंबराशी ताडून बघा, स्टिकरवर विसंबू नका. मग व्हॉल्व्ह बंद करून हवा पूर्ण सोडा. आकडा खाली जात जात शून्यावर आला पाहिजे. बॅटरीचं झाकण उघडून बघा आणि आपली नवी बॅटरी घालून परत तपासा. विकणारा यातल्या कशालाही नको म्हणाला तर तिथून उठा. एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसऱ्या कंपनीच्या घड्याळाशी बोलेलच असं नाही. गार्मिनचे तर रेडिओऐवजी ध्वनिलहरींवर चालतात. तेव्हा "कुठल्याही घड्याळाला लागतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. काट्याचं गेज घेताना नळीत दाब नसताना काटा शून्यावर टेकतोय का ते बघा. एवढ्यानेच मिरजेचं प्रकरण उघडं पडलं असतं.

आणि नवं कितीही चांगलं घेतलं तरी काट्याचं गेज कुणाला देऊ नका. बहुतेक फर्स्ट स्टेजना दोन हाय प्रेशर पोर्ट असतात, एकावर ट्रान्समीटर, दुसऱ्यावर गेज. पुराच्या दिवसांत कृष्णेच्या पातळीचे आकडे मोबाइलवर येत असतात, तरी सांगलीकर आयर्विन पुलावर जाऊन पाणी 45 फुटांच्या धोक्याच्या रेघेपासून किती खाली आहे ते डोळ्यांनी बघून येतोच, तसंच हे. पाण्यात बॅटरी जाते, कॅमेऱ्याच्या फ्लॅशने क्षणभर सिग्नल तुटतो, हात लांब गेला की आकडा गोठतो. तेव्हा छातीपाशी लटकणारा काटा लागतो. "जमाना गेला" म्हणणाऱ्याला तुमचं गेज विकायचं असतं, एवढंच.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा, जितकं लवकर तितकं खातं गोठवलं जाण्याची शक्यता जास्त. मी तिथे तक्रार नोंदवली आहे आणि साताऱ्यात पोलिसांकडे लेखी अर्जही दिला आहे. फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. मिरजेचा मुलगा गेज आणि तपासणीचे आकडे घेऊन वेगळा अर्ज देतोय. पोवई नाक्याच्या त्या गाळ्यातून कुणी ट्रान्समीटर, गेज किंवा रेग्युलेटर घेतला असेल तर कोरलेल्या नंबराचा फोटो, पैसे पाठवल्याची पावती आणि चॅट जपून ठेवा, आणि ते सामान तपासून घेतल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. गेज तपासून देण्याचे मी पैसे घेणार नाही. कुपवाडला घेऊन या.