किडनीचं दुखणं, झोप आणि योगनिद्रा : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून मी योगनिद्रा करतेय. मोबाईलवर फुकट मिळालेलं मराठी ध्वनिमुद्रण आहे, साधारण अर्ध्या तासाचं. माझी किडनी तिसऱ्या टप्प्यात आहे, म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० ते ५९ च्या मधे. कारण जुना बीपी. डायलिसिस नाही. हे आधीच सांगते, कारण योगनिद्रेबद्दल जो तो 'मन शांत होतं' एवढंच सांगतो, आणि आम्हा किडनीवाल्यांची झोप मोडायला मनापेक्षा शरीराचीच कारणं जास्त असतात.

पद्धत सोपी आहे. शवासनात पडायचं, मनात एक संकल्प म्हणायचा, मग आवाज सांगेल तसं लक्ष उजव्या हाताच्या अंगठ्यापासून अंगभर फिरवायचं. पुढे श्वास उलटे मोजायचे. मुंगेरच्या बिहार योग विद्यालयाचे स्वामी सत्यानंद सरस्वती यांनी जुन्या न्यासविधीवरून (मंत्र म्हणत शरीराच्या एकेका भागावर लक्ष नेण्याच्या विधीवरून) ती बसवली. यात झोपी जायचं नसतं, जागं राहून ऐकायचं असतं.

सुरुवातीला माझं गाडं डाव्या पायाशी अडायचं. आवाज तिथवर पोचला की पोटऱ्यांत आतून हुळहुळ सुरू. पाय हलवल्याशिवाय राहवायचं नाही. उठून घरात चार फेऱ्या मारल्या की थांबायचं, पाठ टेकली की पुन्हा तेच. मी शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम करते, त्यामुळे घरचे म्हणायचे, मशीनवर बसून बसून पाय शिणलेत. डॉक्टरांच्या कानावर घातलं तेव्हा त्यांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासायला सांगितलं. लोह कमी निघालं. किडनीच्या पेशंटना पायांची ही तळमळ बऱ्याचदा असते आणि लोह कमी असलं की ती वाढते. औषध सुरू झालं, हळूहळू पाय थाऱ्यावर आले, आणि मग कुठे मला पूर्ण अर्धा तास पडून राहता यायला लागलं. म्हणून सांगते, पायांची तक्रार असेल तर ती अंगावर काढू नका, नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, सांगा.

दुसरा झोपमोड्या म्हणजे रात्रीची लघवी. आजारी किडनी रात्री लघवी घट्ट करू शकत नाही, त्यामुळे उठावं लागतंच. शिवाय दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झालं की रक्तात परततं आणि तेही लघवीवाटेच जातं. संध्याकाळी पैंजणाचा वळ घोट्यावर खोल दिसला की मी ओळखते, आज रात्री खेपा होणार. आता मशीन बंद केल्यावर उशांवर पाय उंच ठेवून पडते, म्हणजे निम्मं काम झोपायच्या आधीच होतं. लघवीची गोळी डॉक्टरांनी संध्याकाळऐवजी सकाळी दिली, त्याचा फरक सगळ्यात मोठा. ती वेळ मात्र स्वतःहून बदलायची नाही, विचारूनच.

आणि मीठ. आपल्या सोलापुरात शेंगाचटणीवाचून कडक भाकरीचा घास उतरत नाही. पण चटणीत मीठ, मिठाने तहान, तहानेपोटी पाणी, पाण्याने रात्रीची उठबस. वर शेंगदाण्यात फॉस्फरसही भरपूर. मला दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगितलंय. चटणी घरीच, बिनमिठाची, चिमूटभर घेते. चहा दुपारनंतर बंद.

उन्हाळ्याचं वेगळं. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या वर, त्याच दिवसांत गणवेशांची घाई, आणि नळाला काही दिवसांआड येणारं पाणी कधी रात्री दोनला, कधी पहाटे. पाणी भरायचं काम सुनेने स्वतःहून अंगावर घेतलं. मला त्या पोरीचे फार उपकार वाटतात. त्या दिवसांत मी योगनिद्रा दुपारी केली, फरशीवर सोलापुरी चादर दुहेरी अंथरून. अर्ध्या तासाने उठलं की रात्रीची कसर थोडी भरून निघायची.

आता खरा फायदा. रक्ततपासणीच्या आदल्या रात्री छातीत धडधडायचं. नातेवाइकांचा फोन आला की पहिला प्रश्न, "क्रिएटिनीन किती आलं?" क्रिएटिनीन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी कमजोर झाली की तो वाढतो. तो आकडा डोक्यात घोळत राहायचा. ही घोळणी योगनिद्रेने नक्की कमी झाली. विचार येतात, पण लक्ष बोटांवर आणता येतं, रात्री तीनला जाग आली तरी. यासाठी मी ती मनापासून सुचवेन. क्रिएटिनीन मात्र तिने उतरलेलं नाही, बीपीच्या गोळ्याही त्याच आहेत. कुणी तसा दावा करत असेल तर विश्वास ठेवू नका.

झोपेसाठी अश्वगंधा, मॅग्नेशियमच्या गोळ्या, दुकानातून आणलेली झोपेची औषधं, असं काही किडनीवाल्यांनी परस्पर घेऊ नये. जास्तीचं मॅग्नेशियम किडनीच बाहेर टाकते, ती कमजोर असेल तर ते साठतं. सपाट पडल्यावर दम लागत असेल तर शवासनाचा हट्ट न धरता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पाणी साठल्याची ती खूण असू शकते.

सकाळी डोकं जड वाटतं आणि मी घोरते असं घरचे म्हणतात. किडनीच्या आजारात झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही बऱ्याच जणांना असतो, म्हणून डॉक्टरांनी झोपेची तपासणी लिहून दिलीय. ती पुढच्या महिन्यात आहे.