ऑर्गॅनिक मॅप्स: निवांत छोटी गावं शोधणाऱ्यांनी हे अ‍ॅप घ्यावं का?

रोज ऑफिसला जाताना ट्रॅफिक कुठे आहे ते बघायला अ‍ॅप हवं असेल तर ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं अ‍ॅप तुमच्यासाठी नाही, ते आधीच सांगते, कारण यात लाइव्ह ट्रॅफिक नाहीच. पण तुम्हाला जर अशी गावं आवडत असतील जिथे एकच मुख्य रस्ता आहे, जुनी घरं अजून टिकून आहेत, मॉल आलेला नाही, चौकात दुपारी सावलीत चार म्हातारी माणसं बसलेली असतात आणि तुमच्याकडे बघून कुठून आलात असं विचारतात, तर पुढे वाचा. अशी गावं शोधण्यासाठी मला या अ‍ॅपइतकं कामाचं दुसरं काही सापडलेलं नाही.

कारण साधं आहे. बाकीचे बहुतेक प्रवासाचे अ‍ॅप तुम्हाला स्टार्स, रिव्ह्यू आणि फोटो यावरून जागा दाखवतात, म्हणजे जिथे आधीच खूप लोक जाऊन आलेत तीच वर येते आणि मग अजून लोक तिथेच जातात, आणि ज्या गावाला कुणी रेटिंग दिलेलं नाही ते सर्चमध्ये जणू नसतंच. ऑर्गॅनिक मॅप्समध्ये स्टार्स नाहीत, रिव्ह्यू नाहीत, फोटो नाहीत. झूम केलं की गाव दिसतं, त्याच्या गल्ल्या दिसतात, पाण्याचा नळ, बाकडं, बस स्टॉप, पूल, पायवाट, सगळं दिसतं. प्रसिद्ध गाव आणि त्याच्या शेजारचं कुणाला माहीत नसलेलं गाव एकाच शाईत छापलेलं असतं, कुठे जायचं ते तुम्ही ठरवायचं.

थोडी माहिती. नकाशाचा डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, 2004 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला, जगभरातले लोक स्वतः भरतात तो. अ‍ॅप 2021 मध्ये आलं, मॅप्स.मी या आधीच्या नकाशा अ‍ॅपचा जुना ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वापरता येणारा, कोड घेऊन. फुकट आहे, जाहिराती नाहीत, देणग्यांवर चालतं. एकदा तो भाग डाउनलोड केला की नेटवर्क नसलं तरी सर्च आणि रस्ता दोन्ही चालतं, आणि लहान गावांकडे जाताना दरीत, जंगलात रेंज जाते तेव्हा याची किंमत कळते. फक्त एक लक्षात ठेवा, रस्ता दोन विभागांतून जात असेल तर दोन्हीचे नकाशे आधी उतरवून ठेवावे लागतात.

आता खरं कामाचं. रूटच्या सेटिंगमध्ये टोल, फेरी, कच्चे रस्ते आणि मोटरवे टाळा असे ऑप्शन आहेत. त्यातला मोटरवे टाळा हा ऑन करून दोन मोठ्या शहरांमधला रस्ता काढून बघा. बहुतेक वेळा जो वाकडातिकडा रस्ता येतो तो जुना रस्ता असतो, एकेकाळी सगळी वाहतूक त्यावरून जायची, आणि नवीन हायवे झाल्यावर त्याच्यावरची गावं बाजूला पडली. मी तो रस्ता धरून हळूहळू नकाशा सरकवत जाते आणि बघते की कुठल्या गावाचा चौक गावाच्या मानाने फार मोठा आहे. हे माझं आवडतं लक्षण आहे. दोन-अडीच हजार वस्तीच्या गावाला एवढा मोठा बाजारचौक कशाला लागेल? याचा अर्थ तिथे कधीतरी मोठा बाजार भरत असणार, लांबलांबून लोक येत असणार. तसंच सहा-सात रस्ते एखाद्या एवढ्याशा गावात येऊन मिळत असतील तरी तेच. ते गाव कधीतरी महत्त्वाचं होतं, मग काहीतरी झालं आणि वाढ दुसरीकडे निघून गेली.

वाढीने न शिवलेली गावं म्हटलं की आपल्याला वाटतं ती कायमच लहान आणि गरीब होती. बऱ्याचदा उलट असतं. जपानमधलं त्सुमागो हे नाकासेंदो नावाच्या जुन्या राजमार्गावरचं मुक्कामाचं गाव, प्रवाशांच्या जिवावर चालणारं, पण 1911 मध्ये चुओ रेल्वे लाइन पूर्ण झाली ती गाव टाळून गेली आणि त्सुमागो मागे पडलं. घरं पाडून नवीन बांधायला कुणाकडे पैसा नव्हता म्हणून ती राहिली, आणि पुढे 1960 च्या दशकाच्या शेवटी गावकऱ्यांनीच ती जपायचं ठरवलं, 1971 मध्ये विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही असा नियम केला. व्हिएतनाममधलं होई आन मोठं बंदर होतं, नदीत गाळ साचत गेला, व्यापार जवळच्या दा नांग बंदराला गेला, आणि जुनं गाव तसंच उरलं, 1999 मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. इंग्लंडमधलं लॅव्हनम लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालं आणि सोळाव्या शतकात तो धंदा बसला, म्हणून तिथली लाकडी सांगाड्याची घरं आजही उभी आहेत. रेल्वे, गाळ, बसलेला धंदा, तीन वेगळी कारणं पण परिणाम एकच.

ही तिन्ही आता प्रसिद्ध आहेत आणि होई आनमध्ये तर प्रचंड गर्दी असते, त्यामुळे तिथेच जा असं मी म्हणत नाहीये. पण ज्या रेल्वेने एक गाव सोडलं तिने अजून दहा सोडली असतील, आणि ती दहा या नकाशावर शोधता येतात, हा मुद्दा आहे. स्टेशनचं नाव गावाचं आणि स्टेशन मात्र गावापासून चार-पाच किलोमीटर लांब, असं दिसलं की मी तिथे बुकमार्क टाकते. खोऱ्यात शिरून संपणारा, पुढे कुठेच न जाणारा रस्ता दिसला तरी टाकते, कारण तिथून कुणी सहज जात नाही, ज्याला तिथेच जायचंय तोच जातो. उंचीच्या रेषांचा लेयर ऑन केला की हे खोरं आहे की पठार ते लगेच कळतं, आणि चालत किंवा सायकलने जाणाऱ्यांना चढ-उताराचा आलेख मिळतो, तो मला फार आवडतो.

मग सुंदर गावांच्या तयार याद्यांचं काय, असं कुणी विचारेल. फ्रान्सची सर्वात सुंदर गावांची संघटना 1982 पासून आहे आणि तिची अट 2,000 लोकसंख्येच्या आत. इटलीत 1999 मध्ये सुरू झालेलं चित्तास्लो, म्हणजे निवांत जगणाऱ्या गावांचं जाळं, गोगलगायीच्या चिन्हाचं, ते 50,000 च्या आतल्या गावांना घेतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेची उत्तम पर्यटन गावांची यादी 2021 पासून येते, तिथे मर्यादा 15,000, पहिल्याच वर्षी आपल्याकडचं पोचमपल्ली त्यात होतं. याद्या चांगल्या आहेत, मागे खरंच काम असतं, पण 2,000 आणि 50,000 मध्ये किती फरक आहे बघा, म्हणून लेबल बघून निवांतपणा गृहीत धरू नका. आणि यादीत नाव आलं की माणसं येणारच. मी यादीतलं गाव नकाशावर काढते आणि त्याच्या आजूबाजूला पंधरा-वीस किलोमीटरमध्ये काय आहे ते बघते. तसाच डोंगर, तशीच नदी, तशीच घरं असलेली शेजारची गावं सहसा असतातच.

उणिवा आहेत आणि त्या लहान गावांच्या बाबतीत जास्त जाणवतात. बसचं वेळापत्रक अ‍ॅपमध्ये नाही, स्टॉप दिसतो पण बस दिवसातून एकदा येते की सहादा ते कळत नाही, ते तिथल्या बस कंपनीकडूनच काढावं लागतं आणि परतीची शेवटची बस कधी हे आधी विचारल्याशिवाय निघू नका. दुकानांच्या वेळा असतात पण कुणीतरी हौशी माणसाने कधीतरी भरलेल्या, जुन्या असू शकतात. सॅटेलाइट फोटो नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकाशावर मोकळं दिसतंय म्हणजे तिथे शांतता आहे असं नाही, कदाचित तिथे कुणी अजून नकाशा भरलेलाच नाही. युरोपातल्या बऱ्याच भागांत एकेक झाड आणि बाकडं भरलेलं असतं तर जगाच्या इतर खूप भागांत मुख्य रस्ता आणि गावाचं नाव एवढंच. मी काय करते, गावात घरांचे आकार काढलेले आहेत का ते बघते. घरं काढलेली आहेत आणि तरी गाव लहान आहे तर ते खरंच लहान. घरंच नसतील तर दुसऱ्या कुठल्यातरी अ‍ॅपवर सॅटेलाइट फोटो बघून खात्री करते, नाहीतर निवांत खेडं समजून आपण औद्योगिक वसाहतीत पोहोचू.

नकाशात भर घालायची सोय अ‍ॅपमध्येच आहे, ओपनस्ट्रीटमॅपचं अकाउंट लागतं, आणि तुम्ही भरलेलं बाकीच्यांना पुढच्या नकाशा अपडेटनंतर दिसतं. मी जाऊन आलेल्या गावात औषधाचं दुकान, पिण्याचं पाणी, बस स्टॉप, दवाखाना एवढं नक्की भरते, कारण ते आपल्यापेक्षा तिथल्या माणसांच्या आणि अडलेल्या प्रवाशाच्या जास्त कामाचं. हे मनापासून सांगते, यातल्या बऱ्याच गावांची शांतता ही तरुण मुलं कामासाठी निघून गेल्याची शांतता असते, शाळेत पटसंख्या कमी, एकच दुकान कसंबसं चालू. तिथे फक्त फोटो काढून तासाभरात निघून जाऊ नका, रात्र काढा, जे हवं ते तिथल्याच दुकानातून घ्या, घरांच्या दारात कॅमेरा रोखण्याआधी विचारा.

इंटरफेस मराठीत करता येतो. पण गावांची नावं मराठीत भरलेली असतीलच असं नाही, सापडलं नाही तर स्थानिक स्पेलिंग टाकून बघा.

शोधण्यासाठी पाचपैकी पाच, तिथे पोहोचण्यासाठी साडेतीन, ते बसमुळे. आणि हो, 2025 मध्ये याच कोडवरून कोमॅप्स नावाचं वेगळं अ‍ॅप निघालंय, ते स्वयंसेवकांचा गट चालवतो, डेटा तोच ओपनस्ट्रीटमॅपचा. कुठलं घ्यावं यावर डोकं फोडू नका, बुकमार्क फाइल म्हणून एक्सपोर्ट करता येतात, त्यामुळे उद्या बदलावंसं वाटलं तरी शोधून ठेवलेली गावं जात नाहीत. फक्त ती फाइल अधूनमधून काढून दुसरीकडे ठेवत जा.