सबवूफरचा बॉक्स 'कॉम्प्युटरवर डिझाईन करून' घेताय? आधी हे वाचा

दुकानाचं नाव लिहित नाही, उगाच भानगड नको. पण पुण्यात गाडीत सबवूफर (बेस, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, तो लाकडी बॉक्समध्ये बसवतात) बसवायच्या विचारात कोणी असेल तर माझे पैसे कसे गेले ते वाचून घ्या.

माझी हॅचबॅक आहे, डिकी छोटी. मला धडामधुडूम नको होतं, विसर्जन मिरवणूक वर्षातून एकदा ऐकतो तेवढी पुरते. तबल्याचा डग्गा डग्ग्यासारखा ऐकू यावा, बेस गिटारचे सगळे सूर सारखे यावेत, एकच सूर फुगून बाकीचे गायब असं नको, एवढंच. १२ इंची वूफर आधीच घेतला होता, त्याच्या कागदावर एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.५, व्हॅस ४० लिटर असं स्वच्छ छापलेलं. हे थील-स्मॉल आकडे, म्हणजे वूफरचा स्वभाव सांगणारी मापं: एफएस म्हणजे तो मोकळा असताना आपोआप थरथरतो तो सूर, क्यूटीएस म्हणजे ती थरथर किती आवरली जाते, व्हॅस म्हणजे त्याच्या लवचिकपणाशी जुळणारी हवा. बॉक्सचं सगळं गणित यांच्यावरच चालतं. सीलबंद बॉक्सला क्यूटीसी (वूफर बॉक्समध्ये बसल्यावरचा क्यूटीएससारखाच आकडा) ०.७ च्या आसपास आला की बेस सपाट, म्हणजे कुठलाच सूर फुगत नाही, आणि माझ्या वूफरला त्यासाठी आतून साधारण ४० लिटर जागा लागते. एवढं घरी काढून मी दुकानात गेलो, म्हणजे अगदी अडाणी नव्हतो, तरी फसलो.

दुकानदार गोड बोलणारा. "साहेब, आपण अंदाजपंचे काम करत नाही, सॉफ्टवेअरवर डिझाईन करतो." डिझाईन चार्ज १,५०० वेगळा, बॉक्स ६,५००. चार दिवसांनी रंगीत ग्राफ हातात दिला, रेघ एकदम सपाट, खाली ४० लिटर लिहिलेलं. मी खूष. बिल मागितलं तर म्हणे "जीएसटी लावला की महाग पडेल, एस्टिमेटवर लिहून देतो", आणि मी मूर्खासारखा हो म्हणलो.

पहिल्याच दिवशी सिंहगड रोडला काचा बंद करून लावलं तर एक ठराविक सूर आला की अख्खी डिकी घुमायची, बाकी वेळ वूफर आहे की नाही कळायचं नाही. दुकानदार म्हणाला "नवीन आहे, वाजून वाजून मोकळा होईल". दोन आठवडे वाजवला. मोकळा काही झाला नाही.

मग मित्राने ३० पासून ८० हर्ट्झपर्यंतचे टोन एकेक करून वाजवले, मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप लावलं. मोबाईलचा माइक खालच्या बेसला फारसा भरवशाचा नसतो, पण ५५ च्या आसपास आकडा एवढा उडी मारत होता की माइकला दोष देता येईना. नंतर त्याने वूफरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) हलक्या हाताने आत दाबून धरला. बॉक्स नीट सीलबंद असेल तर आतली हवा कोनाला बाहेर ढकलत राहते, माझ्याकडे तो जोर लगेच ओसरला. म्हणजे हवा कुठून तरी निघत होती.

कारपेट सोलल्यावर दिसलं. मागच्या बाजूला गोल भोक, त्यावर पातळ प्लायचा तुकडा, कडेने सिलिकॉन, तेही अर्धवट. म्हणजे माझ्यासाठी बॉक्स बनवलाच नव्हता, पोर्टवाला (हवेसाठी मुद्दाम भोक ठेवलेला) तयार बॉक्स पडून होता तो भोक बुजवून मला विकला. तो पातळ प्लाय स्वतःच थरथरत होता, घुमायचं कारण ते.

वूफर काढून आत मोजायचा टेप लावला तर अजून एक गंमत. बाहेरून ५० बाय ४० बाय २० सेंटीमीटर, म्हणजे बरोबर ४० लिटर! पण १८ मिलिमीटरच्या एमडीएफची (दाबून केलेल्या लाकडी बोर्डाची) जाडी वजा केली की आत उरतात जेमतेम २७.७ लिटर, त्यात वूफरचा मागचा भाग दोन-तीन लिटर खातो, हातात आले २५. आता खरं सांगायचं तर नुसत्या एवढ्याने फार बिघडत नाही, क्यूटीसी ०.८ होतो आणि फुगवटा पाव डेसिबल, कानाला कळणारही नाही. पण मग १,५०० कसले घेतले? ग्राफ परत नीट बघितला तर कोपऱ्यात बारीक अक्षरात एफएस २४. माझा ३०. दुसऱ्याच कुठल्या तरी वूफरचा ग्राफ, बहुतेक प्रत्येक गिऱ्हाईकाला तोच देत असणार.

आणि ग्राफ खरा असता तरी गाडीतला आवाज तसाच्या तसा येत नाही. बंद केबिनमध्ये खालचा बेस आपोआप वाढतो, सीलबंद बॉक्सचा आवाज नेमका तिथेच उतरत जातो, दोन्ही मिळून बऱ्यापैकी सपाट होतं. डिझाईन करणाऱ्याने गाडी कुठली, काचा बंद की उघड्या, वूफरचे आकडे काय, यातलं एकही विचारलं नाही तर तिथून उठा. आणि माप आतलं की बाहेरचं हे लिहून घ्या, कारपेट चिकटवायच्या आधी बॉक्स डोळ्यांनी बघा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा ठरवलं आणि आठवलं की पक्कं बिलच नाही, एस्टिमेटवर दुकानाचा शिक्काही नाही. शेवटी टिंबर मार्केटमधून एमडीएफ आणलं, ओळखीच्या सुतारकाकांकडून ५५ बाय ४० बाय २७ चा बॉक्स करून घेतला, सगळे सांधे आतून फेविकॉल आणि सिलिकॉनने भरले. डग्गा आता डग्गा वाटतो.

दुकानदाराला प्लायच्या तुकड्याचा फोटो पाठवला तर उत्तर आलं, "साहेब कारपेट तुम्ही काढलं, वॉरंटी गेली." चार दिवस मागे लागल्यावर यूपीआयवर ५०० रुपये आले, खाली लिहिलेलं 'गुडविल'.