'माहीत नाही' हा रकाना असलेली नोंदवही

ग्रंथालयात तालिकीकरणाचं काम करते त्याला आता २१ वर्षं होतील. त्यामुळे कुठलीही यादी समोर आली की आधी तिची खोडी काढायची सवयच लागली आहे. एकाच नावाच्या दोन वस्तू दिल्या तर ती काय करते, हे बघायचं. जुन्या व्हिडिओ गेमांच्या संग्राहकांनी मिळून उभा केलेला एक डेटाबेस मी गेली दोन वर्षं वापरते आहे. पहिल्या दिवशी त्यात 'सुपर मारिओ ब्रदर्स २' एवढंच टाकलं आणि वाट बघत बसले.

प्रश्न तसा चावट होता. या नावाचा खेळ जपानमध्ये १९८६ साली फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी गेम यंत्राच्या, डिस्कवर आला आणि तो भलताच अवघड होता. अमेरिकेत १९८८ साली याच नावाने आला तो खेळच निराळा, 'डोकी डोकी पॅनिक' या १९८७च्या जपानी खेळातली पात्रं बदलून केलेला. तो पुढे जपानमध्ये 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून गेला आणि जपानचा मूळ दुसरा भाग बाकीच्यांना 'द लॉस्ट लेव्हल्स' म्हणून मिळाला. यादी करणाऱ्याची फजिती व्हायला एवढं पुरे. या डेटाबेसने दोन वेगळ्या नोंदी दाखवल्या, दोन्हींवर 'याच नावाची दुसरी नोंद बघा' असं लिहिलेलं होतं, आणि 'डोकी डोकी पॅनिक'चा धागाही जोडलेला होता. मी लगेच खातं उघडलं.

डेटाबेसचं नाव घेत नाही. पुढे बरीच कुरकुर आहे आणि चालवणारी माणसं नोकऱ्या सांभाळून रात्री फुकट राबतात.

माझ्याकडे हा संग्रह आला तो दादाकडून. घर बदलताना त्याने तीन खोकी माझ्या गळ्यात मारली. १४३ कॅसेटी. (कार्ट्रिज म्हणायला हवं, पण आम्ही लहानपणापासून कॅसेटच म्हणतो आणि यापुढेही तेच म्हणणार.) सोबत त्याची एक दोनशेपानी वही होती. त्यात 'मारिओ, फुटकी', 'टँक, जाड लेबल', 'काँट्रा, पक्याची' अशा नोंदी. मी फोन लावला. "दादा, फुटकी म्हणजे कुठली रे?" तर म्हणे, "अगं, कोपरा उडालाय ती. हसतेस काय, उघडून बघ, ती दुसरीपेक्षा वेगळी आहे आतून." उघडली. खरंच वेगळी होती. दादाने नकळत प्रतीची नोंद केली होती, आणि संग्राहकांच्या बहुतेक याद्या नेमक्या इथेच फसतात. त्या खेळाच्या नावाची नोंद करतात आणि हातात असलेली वस्तू विसरतात.

आमच्या धंद्यात याची चर्चा जुनी आहे. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे इफ्लाने, १९९८ साली एफआरबीआर नावाचा अहवाल काढला. कृती वेगळी, तिचं भाषांतर किंवा पाठ वेगळा, छापून आलेली आवृत्ती वेगळी आणि कपाटातली प्रत वेगळी, अशी चार पायऱ्यांची मांडणी त्यात आहे. हा डेटाबेस बांधणाऱ्यांनी तो वाचला असेल असं वाटत नाही, पण ठेचा खात खात ते जवळपास तिथेच पोचलेत. त्यांच्या तीन पायऱ्या आहेत: खेळ, आवृत्ती आणि 'तुमची प्रत'. 'काँट्रा'चंच बघा. युरोपात एनईएसवर, म्हणजे फॅमिकॉमच्याच परदेशी अवतारावर, तो 'प्रोबोटेक्टर' नावाने आला आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव घातले. खेळ एक, आवृत्त्या दोन, आणि दादाकडच्या त्या 'पक्याच्या' प्रतीला स्वतःचा दाखल क्रमांक. सगळं जिथल्या तिथे बसतं.

प्रत नोंदवायला किती वेळ लागतो हे दाखल क्रमांक ८८वरून सांगते. करडी एनईएस कॅसेट, लेबल ओलीने खाल्लेलं, शेवटची काही अक्षरंच उरलेली. अर्जातला पहिलाच प्रश्न स्क्रू किती, असा. मागे पाच होते, साध्या पेचकसाने निघणारे. एनईएसच्या नंतरच्या कॅसेटींना तीनच असतात आणि ते काढायला ३.८ मिलिमीटरचं खास टोक लागतं. म्हणजे न उघडताच कळलं की बाई जुन्यातल्या जुन्या आहेत. झाकण काढलं तर आतला बोर्ड अपेक्षेपेक्षा आखूड, आणि त्याच्या पुढे एक जोडणी खोचलेली. फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, एनईएसच्या कॅसेटला ७२. अगदी सुरुवातीच्या काही एनईएस कॅसेटींत सरळ जपानी बोर्ड घालून पुढे हा अडॅप्टर लावलेला असे, आणि १९८५चा 'जायरोमाइट' त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. लेबलवर उरलेली अक्षरं 'माइट' होती हे मला तेव्हा दिसलं. रात्री साडेअकराला मी एकटीच हसले.

मग चिपवरचा आकडा. ८५२७. पहिले दोन अंक साल, पुढचे दोन आठवडा. म्हणजे चिप १९८५च्या २७व्या आठवड्यातली. यावरून कॅसेट त्यानंतर जुळली एवढंच ठरतं. किती नंतर, ते ठरत नाही. या डेटाबेसमध्ये तारखेच्या रकान्यात 'याच्या नंतर' असं लिहिता येतं! इतर ठिकाणी मी वर्षाची चौकट रिकामी सोडली की लाल रेघ यायची आणि काहीतरी ठोकून द्यावं लागायचं. अशी ठोकून दिलेली वर्षंच मग दहा ठिकाणी उतरवली जातात आणि सत्य होऊन बसतात.

खरं कौतुक या रकान्यांचं आहे. प्रत्येक माहितीपुढे तीन पर्याय येतात: 'स्वतः पाहिलं', 'दुसऱ्याकडून कळलं' आणि 'माहीत नाही'. त्यातही 'माहीत नाही' आणि रिकामं यांत फरक केलेला आहे. रिकामं म्हणजे कुणी बघितलेलंच नाही. 'माहीत नाही' म्हणजे बघितलं, पण कळलं नाही. आम्ही तालिकापत्रावर अंदाजाचं साल चौकोनी कंसात टाकून पुढे प्रश्नचिन्ह देतो, त्याच जातीची ही सभ्यता. माझ्या १४३ प्रतींत बॅटरीच्या रकान्यात ३१ ठिकाणी 'माहीत नाही' आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

बॅटरीचा रकाना असणं हेच मुळात समजूतदारपणाचं आहे. जुन्या कॅसेटींत खेळ जिथवर आला ते लक्षात ठेवायला छोटी नाण्यासारखी बॅटरी असते आणि ती बोर्डाला डाग देऊन बसवलेली असते. ती संपली की जतन केलेलं गेलं. गेम बॉयवरच्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तीच बॅटरी घड्याळही चालवते, म्हणून त्या लवकर मान टाकतात. गेम बॉय ॲडव्हान्सच्या 'रूबी'मध्ये मात्र बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे. ती मेली तरी खेळ जतन होत राहतो. डेटाबेस प्रत्येक आवृत्तीपुढे हे सांगतो, त्यामुळे कुठली कॅसेट आधी उघडायची याची रांग लावता आली.

आता चडफड.

मी कॅसेट वाचणारं छोटं यंत्र घेतलं. त्यातून निघालेल्या फाइलची खूण, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बाइटांवरून काढलेली सीआरसी३२ची आठ किंवा एसएचए-१ची चाळीस अक्षरं, नोंदीतल्या खुणेशी ताडून बघायची. कॅसेटींसाठी नो-इंट्रो आणि चकत्यांसाठी रीडंप हे स्वयंसेवकांचे प्रकल्प अशाच खुणांच्या याद्या ठेवतात. माझ्या पहिल्या सहा कॅसेटींपैकी एकीचीही खूण जुळेना. डेटाबेस प्रत्येकीपुढे 'संशयास्पद' असा पिवळा ठिपका देत गेला. तीन रात्री मी दादाला मनातल्या मनात चोरबाजारवाला ठरवलं. शेवटी कळलं की एनईएसच्या फाइलीला पुढे १६ बाइटांचं शीर्षक चिकटवायची पद्धत आहे. ते कॅसेटमध्ये नसतं, जुने खेळ संगणकावर चालवणाऱ्या एम्युलेटरच्या सोयीसाठी असतं. ते काढून खूण काढली तर सहाच्या सहा जुळल्या. ही एक ओळ मदतीच्या पानावर असती तर माझ्या तीन रात्री आणि दादाची अब्रू वाचली असती. मी ती ओळ लिहून पाठवली. चार महिने झाले, 'विचाराधीन' आहे.

दुसरं प्रकरण काळ्या थेंबाचं. बनावट कॅसेट ओळखायच्या मार्गदर्शिकेत लिहिलं होतं की बोर्डावर चिपऐवजी काळ्या राळेचा गोल थेंब दिसला की माल नकली. गेम बॉयच्या कॅसेटींना हा ठोकताळा बऱ्यापैकी लागू पडतो. पण फॅमिकॉमच्या कितीतरी अस्सल कॅसेटींत असाच थेंब असतो. माझ्या चार जपानी कॅसेटींवर कुणीतरी धडाधड 'बनावट' शिक्के मारले. मी बोर्डाचे फोटो चढवले, आणखी तिघांनी आपापल्या कॅसेटी उघडून तसेच चढवले, वाद चांगलाच रंगला आणि १९ दिवसांनी नियम बदलला. नियम बदलतो, तोही पुरावा बघून, हे चांगलंच. पण शिक्के मारणाऱ्याने एकाही कॅसेटचं झाकण काढलेलं नव्हतं. 'स्वतः पाहिलं' ही अट नोंदीला आहे तर शिक्क्यालाही हवी, एवढंच माझं म्हणणं.

अशी माणसं तयार होतात ती गुणांच्या तक्त्यामुळे. दर नोंदीला गुण, आठवड्याचे पहिले दहा, नावापुढे मुकुट. परिणाम व्हायचा तोच होतो. फोटो नसलेल्या, कुठूनतरी उतरवलेल्या नोंदींचा ढीग लागतो आणि सगळ्यांवर बिनदिक्कत 'स्वतः पाहिलं'. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर त्याला पुढचा महिनाभर धूळ झाडायला बसवलं असतं.

मोबाइल ॲपबद्दल दोनच वाक्यं. बारकोड टिपून नोंद करा म्हणतात, पण बारकोड असतो खोक्यावर. सुट्ट्या कॅसेटी घेऊन बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. खातं उघडलं की संग्रह आपोआप सगळ्यांना दिसतो. तो खाजगी करायची कळ सेटिंगच्या तिसऱ्या पानावर आहे. मला ती पाच आठवड्यांनी सापडली. तोवर कपाटाचे फोटो, आणि फोन फोटोत गुपचूप लिहून ठेवतो ते ठिकाणही, जगाला खुलं होतं. खातं उघडणार असाल तर आधी ती कळ दाबा, मग पहिली कॅसेट चढवा.

एवढं असूनही मी टिकून आहे, कारण सगळा डेटा उतरवून घेता येतो. स्वतःचा तर येतोच, पण सगळ्यांचा मिळून झालेला आवृत्त्यांचा साठाही महिन्यातून एकदा खुल्या परवान्याखाली मिळतो. हे मी सगळ्यात आधी तपासलं होतं. सीडीडीबीची गोष्ट ज्यांना आठवते ते असंच करतील. गाण्यांच्या सीडींची माहिती हजारो लोकांनी हौसेने टंकून दिली, पुढे तो साठा एका कंपनीच्या हाती गेला आणि वापराच्या अटी बदलल्या. त्या रागातून फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ उभे राहिले. फ्रीडीबी २०२० साली बंद झाला, पण साठा खुला असल्यामुळे लोकांनी तो आधीच उतरवून ठेवला होता. मी दर महिन्याच्या एक तारखेला फाइल उतरवते. एकदा ती अर्धवट आली, कळवलं, दुसऱ्या दिवशी पूर्ण आली.

तुमच्याकडे तीसेक कॅसेटी असतील आणि एकच खेळ दोनदा घ्यायचा नाही एवढीच गरज असेल तर या भानगडीत पडू नका, वही पुरे. शंभराच्या पुढे गेलात आणि पेचकस हाताशी असेल तर जरूर या.

परवा दाखल क्रमांक १ उघडली. 'द लेजंड ऑफ झेल्डा', १९८७ची सोनेरी, नंतरच्या करड्या आवृत्तीतली नव्हे. बॅटरी मूळचीच, अजून तग धरून. बदलायची तर जतन केलेलं पुसलं जाणार, म्हणून आधी त्या यंत्राने ८ किलोबाइट उतरवून घेतले. जतनाच्या तीन जागांपैकी पहिलीत दादाचं नाव होतं. दुसरीत माझं, स्पेलिंग चुकलेलं. तिसरी रिकामी. अर्जात यासाठी रकाना नाही, म्हणून टिपांमध्ये लिहिलं. दोन दिवसांनी एका तपासनीसाने 'आवृत्तीशी संबंध नाही' म्हणून ते उडवलं. मी परत लिहिलं, या वेळी 'तुमची प्रत'खाली, पुढे 'स्वतः पाहिलं' अशी खूण करून. अजून तरी आहे.