माल्टात मुक्काम कुठे: व्हॅलेटाच्या तटाआत की समोरच्या स्लीमात?

माल्टाला जायचं ठरलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. राजधानी व्हॅलेटातच राहायचं, की खाडीपलीकडच्या स्लीमात? नकाशावर दोन्ही इतकी जवळ दिसतात की फरक काय पडणार, असं वाटतं. आम्ही दोन्ही करून पाहिलं. पहिल्या खेपेला एप्रिलमध्ये आम्ही दोघं चार रात्री स्लीमात राहिलो. दोन वर्षांनी आईला घेऊन गेलो, तेव्हा तीन रात्री व्हॅलेटात.

स्लीमाबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. तितक्याच पैशांत घर मोठं मिळालं, इमारतीला लिफ्ट होती, खाली दुकान होतं. संध्याकाळी समुद्राकाठचा लांबलचक रस्ता गावातल्या लोकांनी भरून जातो, आणि त्यात मिसळून चालताना आपण पाहुणे आहोत हे विसरायला होतं. शिवाय व्हॅलेटा खऱ्या अर्थाने दिसतं ते स्लीमातूनच. दिवेलागणीला पलीकडचा तट, कार्मेलाइट चर्चचा घुमट आणि त्याच्या शेजारचा उंच मनोरा पिवळसर उजेडात उभे असतात. शहराच्या आत राहिलात तर हे दृश्य मुद्दाम जाऊन पाहावं लागतं.

माझं मत फिरलं ते एका शनिवारी. स्लीमा आणि व्हॅलेटाच्या मधली खाडी लाँचने दहा मिनिटांच्या आत पार होते, आणि आमचा सगळा बेत त्या लाँचवर अवलंबून होता. त्या सकाळी ईशान्येचा वारा सुटला आणि लाँच बंद झाली. मग बसथांब्यावर उभे राहिलो. भरलेल्या दोन बस न थांबता पुढे गेल्या, तिसरीत कसेबसे शिरलो. रस्ता खाडीला वळसा घालत ग्झीरा, म्सीदा करत जातो, आणि त्या वाटेवर गाड्यांची रांग हलता हलत नाही. समोर तट दिसत होता, पण जवळ येत नव्हता.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल हे व्हॅलेटातलं मोठं चर्च आम्ही शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. रविवारी ते पर्यटकांसाठी बंद असतं आणि रविवारीच आमचं विमान होतं. त्यामुळे तिथल्या, इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओच्या चित्रासमोर आम्हाला जेमतेम वीस मिनिटं मिळाली. १६०८ मध्ये रंगवलेलं, पाच मीटरहून रुंद असं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे त्याचं सही असलेलं एकमेव चित्र, आणि ती सही जमिनीवर सांडलेल्या रक्तातून काढलेली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, याच दालनात, नाइट्सच्या, म्हणजे तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या ख्रिस्ती लढवय्यांच्या, संघातून त्याला काढून टाकण्यात आलं. हे ठाऊक असताना तिथून घाईने निघावं लागलं, याची हळहळ मला अजून आहे.

वारा रोज नसतो, हे मान्य. पण वारा नसतानाही संध्याकाळी शेवटची लाँच कितीला, हा विचार डोक्यात असायचाच. दुपारी दमलो तरी घरी जाऊन परत यायचा कंटाळा यायचा, मग दिवसभर पाठीवर पिशवी.

दुसऱ्या खेपेला तो भार उतरला. आई दुपारी जेवून दोन तास पडायची आणि पाचला पुन्हा ताजी होऊन बाहेर यायची. एक चौरस किलोमीटरही न भरणारं गाव, त्यामुळे काहीच दूर नाही. सहलीचे गट संध्याकाळी पांगले की लाकडी सज्जांच्या रस्त्यांवर शांतता उतरते. सकाळी आठच्या आधी अप्पर बराक्का बागेत आम्ही तिघं आणि झाडू मारणारे एक काका, एवढेच. खाली ग्रँड हार्बर. १८७८ साली रशियाशी युद्ध पेटण्याची चिन्हं होती, तेव्हा ब्रिटिशांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक याच माल्टात आणले होते. हे सांगितल्यावर आई बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली.

पायऱ्यांची भीती मात्र खरी आहे. १५६५ च्या तुर्कांच्या वेढ्यानंतर नाइट्सनी ही राजधानी घाईने वसवली. डोंगराचा माथा सपाट करायचा मूळ बेत तुर्क परत येतील या धास्तीने सोडून दिला, आणि सरळ आखलेले रस्ते उतारावर तसेच खाली सोडले. म्हणून दोन्ही बाजूंना समुद्राकडे जाणाऱ्या गल्ल्यांना पायऱ्याच पायऱ्या. आम्ही वेशीजवळ, माथ्यावरच्या मर्चंट्स स्ट्रीटवर घर घेतलं. तिथे रस्ता बराच सपाट आहे. इमारतीला लिफ्ट नव्हती, दोन जिने होते. गुडघे धरत का होईना, आईने ते रोज दोनदा चढले. बंदरावरून वर यायला बराक्का लिफ्ट आहे, तीही उपयोगी पडली. सकाळी चर्चच्या घंटा लवकर सुरू होतात, झोप सावध असेल तर हे लक्षात घ्या.

आणखी एक फायदा मला आधी कळला नव्हता. बहुतेक बस व्हॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्याजवळच्या स्थानकातूनच सुटतात, त्यामुळे म्दीना या जुन्या तटबंद गावाला जाताना बसायला जागा मिळते. शेजारच्या गोझो बेटाची जलद लाँचही २०२१ पासून व्हॅलेटाहून आहे. कोपऱ्यावर वाटाण्याचं सारण भरलेली गरम पास्तित्सी मिळते, फक्त शाकाहारी असाल तर पिठात चरबी घातली आहे का, हे विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये लहान मुलांना घेऊन जाणार असाल आणि रोज समुद्रात डुंबायचं असेल, तर कदाचित स्लीमाच सोयीचं पडेल. तिथे खडकांवरून थेट पाण्यात उतरता येतं. आठवडाभर राहणार असाल तरी चालेल, एखादा दिवस वाऱ्यात गेला तरी बिघडत नाही. पण हातात तीन-चारच दिवस असतील आणि मुख्यतः व्हॅलेटाच पाहायचं असेल, तर मी तरी तटाच्या आत थोडं लहान घर घेईन. फक्त पैसे भरण्याआधी घरमालकाला विचारा, रिपब्लिक स्ट्रीटपासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि दारापासून खोलीपर्यंत किती.