डू बॉइस यांची कागदपत्रं घरबसल्या: 'क्रेडो' संग्रह कसा आहे?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी विद्यापीठांत शिरण्यासाठी आणि शिरल्यावर मानाने शिकण्यासाठी दिलेली झुंज मूळ कागदांतून वाचायची असेल, तर ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा 'क्रेडो' हा ऑनलाइन संग्रह उघडा. हार्वर्डमधून 1895 साली पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे सुमारे 1 लाख कागद इथे स्कॅन करून ठेवले आहेत. वाचायला पैसे पडत नाहीत.

मराठी वाचकाने सुरुवात बाबासाहेबांनी डू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रापासून करावी. पत्रावर तारीख नाही, म्हणून नोंदीत 'अंदाजे जुलै 1946' आहे. नेमकी तारीख टाकून शोधलंत तर हाती लागणार नाही. पत्राचा क्रमांक असा: संग्रह 312, खोका 109, नोंद 132. निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती बाबासाहेबांनी त्यात मागितल्या आहेत. अस्पृश्यही तसाच अर्ज करायच्या विचारात आहेत, असं ते कळवतात. लगेच पुढची नोंद 133, म्हणजे 31 जुलैचं उत्तर. दोन्ही पानं शेजारी-शेजारी ठेवून वाचा, अंगावर काटा येतो.

शोध फसतो तो बहुधा शब्दांमुळे. 'दलित' किंवा 'ब्लॅक' टाकून फारसं मिळत नाही. त्या काळचे 'अनटचेबल्स', 'निग्रो' हे शब्द रोमन लिपीत टाका. पत्रातल्या एखाद्या वाक्यावरून शोधण्यापेक्षा माणसाचं किंवा संस्थेचं नाव आणि साल यांवर भर द्या.

उच्च शिक्षणातल्या प्रतिकारासाठी 'फिस्क युनिव्हर्सिटी' हे नाव आणि 1924-25 ही सालं घ्या. नॅशव्हिलच्या या कृष्णवर्णीय विद्यापीठाचे गोरे अध्यक्ष मॅकेन्झी यांनी विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र बंद पाडलं, विद्यार्थी मंडळ मोडलं, मुलींच्या कपड्यांवरही जाचक नियम लादले. डू बॉइस स्वतः फिस्कचे, 1888चे पदवीधर. जून 1924मध्ये त्याच आवारात भाषण करून त्यांनी अध्यक्षांचे वाभाडे काढले. फेब्रुवारी 1925मध्ये विद्यार्थी संपावर गेले, एप्रिलमध्ये मॅकेन्झींनी राजीनामा दिला. इथली पत्रं तारखेच्या क्रमानेच वाचावीत, नाहीतर कोण कशाला उत्तर देतंय ते कळत नाही.

हस्ताक्षरातली पत्रं मोबाइलवर वाचायच्या फंदात पडू नका. दुवा बदलू शकतो, म्हणून टिपणात नोंद क्रमांकही लिहून ठेवा. वाचन मोफत असलं तरी एखादं पान लेखात किंवा पुस्तकात छापायचं असेल तर ग्रंथालयाकडे आधी परवानगीची चौकशी करा.