‘अमेरिकन एफडीए सर्टिफिकेट’ विकणाऱ्यांपासून सांभाळा

थोरला भाऊ न्यू जर्सीत एडिसनला असतो. आधी वहिनी अमळनेरहून नेलेला काळा मसाला ओळखीच्यांना द्यायच्या, मग छोटं किराणा दुकान झालं. दुकान चालल्यावर भावाने ठरवलं, मुंबईच्या व्यापाऱ्यामार्फत कशाला, माल थेट घरूनच मागवू. बिबडे, उडदाचे पापड, मसाला, केळीचे वेफर्स आम्ही इकडे करायचे आणि त्याने तिकडे आयात करून इतर दुकानांनाही पुरवायचे.

कागदपत्रांसाठी जळगावचा एक एक्स्पोर्ट सल्लागार गाठला. आयात-निर्यात कोडची सरकारी फी ५०० रुपये, त्याने आठ हजार लावले. ते एक वेळ सोडा, कोड तरी खरा निघाला. खरा हात मारला तो एफडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या नावावर. पापडाचं वेगळं, मसाल्याचं वेगळं, वेफर्सचं वेगळं सर्टिफिकेट. गरुडाचं चित्र, सोनेरी शिक्का, होलोग्राम, सगळं काही. वर ‘तिकडच्या एजंट’ची वर्षाची फी निराळी. मला शंका आली तर आमच्या घरचे नाना म्हणाले, “इतला चकचकीत कागद शे, खोटा कसा व्हई?”

न्हावाशेव्याहून माल निघाला. खाद्यपदार्थ पोचण्याआधी एफडीएला पूर्वसूचना द्यावी लागते. तिथल्या कस्टम ब्रोकरने ती भरताना कळलं, आमचा नोंदणी क्रमांकच बोगस आहे. नोंदणी नसलेल्या कारखान्याचा माल बंदरातच रोखतात, आमचाही रोखला. गोदामाचं भाडं भावाच्या माथी. सल्लागाराचा फोन बंद आणि ऑफिसला कुलूप. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैशाचा पत्ता नाही.

ब्रोकरने मग जे सांगितलं ते इथे मुद्दाम लिहितो. एफडीए नोंदणीचं सर्टिफिकेट देतच नाही, कोणालाच नाही. नोंदणी होते ती जिथे माल बनतो त्या जागेची, पदार्थागणिक नव्हे. ती ऑनलाइन करता येते आणि फुकट आहे. नूतनीकरण दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमध्ये, तेही फुकट. त्यामुळे ‘दरवर्षी रिन्यूअल’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच ओळखा. अमेरिकेत राहणारा एक एजंट दाखवावा लागतो हे खरं, पण तो कंपनीच असला पाहिजे असं नाही. आमचा भाऊच झाला असता, आणि आता झाला आहे! एजंट म्हणून नाव दिलं की त्या माणसाकडे एफडीए होकार मागते, तो मिळाल्याशिवाय नोंदणी पूर्ण होत नाही.

तेव्हा कोणी तुमच्यासमोर असा शिक्क्याचा कागद धरला तर तिकडचा एजंट कोण ते नावानिशी विचारा आणि त्याने दिलेला होकार दाखवायला सांगा. नोंदणीचं लॉगिनही स्वतःच्या ईमेलवर घ्या. आमच्या सल्लागाराने ते ‘सोयीसाठी’ स्वतःकडेच ठेवलं होतं.